रेडिओलॅरियाचं कवच: गट कसा ओळखायचा आणि कोणतं वर्गीकरण मानायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅरिबियन समुद्राजवळच्या बार्बाडोस बेटावरच्या, इओसीन काळातल्या (सुमारे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या) गाळाच्या, म्हणजे रेडिओलॅरिया या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांच्या काही काचपट्ट्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेली थोडी छायाचित्रं हाताशी आहेत. गोल जाळीदार कवचं स्प्युमेलारिया आणि टोपीच्या आकाराची नॅसेलारिया, इथवर विभागणी जमली. पुढे मात्र अडलं. जुन्या ग्रंथांत कप्पे आणि काटे मोजून नावं दिलेली आहेत, नव्या लेखांत तीच रूपं वेगळ्याच कुळांत बसवली आहेत, आणि एकाच रूपाला दोन-तीन नावं सापडतात. मग कवचाचा नेमका कोणता भाग पाहायचा, आणि एकोणिसाव्या शतकातला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याचं वर्गीकरण बाद समजायचं का?

उत्तर आधीच सांगतो. बाहेरच्या आकारावरून सुरुवात करायला हरकत नाही. गट नक्की करताना कवचाच्या आत पाहा. जातीची सीमा मात्र थराथरातून होत गेलेल्या बदलांच्या साखळीवरूनच ठरवा. या तिन्ही पुराव्यांत शेवटचा सगळ्यांत वजनदार आहे, आणि सुट्या छायाचित्रांत नेमका तोच नसतो. (खाली प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, विश्वकोशात वापरतात त्या अर्थाने.)

आधी हे कवच म्हणजे काय ते पाहू, कारण बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. रेडिओलॅरिया हा एकाच पेशीचा, जन्मभर समुद्रात तरंगणारा जीव. बहुतेकांचं कवच ५० ते २०० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेशीच्या मध्यभागी सेंद्रिय पडद्याची पिशवी असते, तिला मध्यसंपुट म्हणू. केंद्रक त्यात असतं. संपुटाबाहेर फेसाळ जीवद्रव्याचा थर असतो, त्यात पुष्कळदा सहजीवी शैवाल राहतं, आणि त्यातून चहूबाजूंना सरळ, ताठ पाद, म्हणजे जीवद्रव्याचे धागे, बाहेर पडतात. आपण ‘कवच’ म्हणत असलो तरी ते शिंपल्यासारखं बाहेरून पांघरलेलं नाही. ते जीवद्रव्याच्या आवरणाच्या आत घडतं. त्या आवरणाचाच साचा होतो आणि त्यात ओपल जातीची सिलिका साचत जाते. म्हणून खरं तर हा सांगाडा आहे, आणि त्याचा मध्य पेशीच्या मध्याशी जोडलेला आहे. सांगाडा कुठून वाढायला लागला, हा प्रश्न वर्गीकरणात इतका महत्त्वाचा का, ते यावरून लक्षात येईल.

जिवंत प्राण्यांत मोठे गट पाडताना १८७९ मध्ये रिखार्ड हर्टविगने मध्यसंपुटाची छिद्रं पाहिली. स्प्युमेलारियात ती सगळीकडे विखुरलेली असतात, नॅसेलारियात एका ध्रुवाशी एकवटलेली, तर फिओडारियात मोजकी मोठी द्वारं असतात. ही फार चांगली खूण आहे, पण जीवाश्मात संपुट उरत नाही. शिवाय अकँथारिया गटाचा सांगाडा स्ट्रॉन्शियम सल्फेटचा असतो आणि प्राणी मेल्यावर तो पाण्यात विरघळून जातो. फिओडारियाच्या सांगाड्यात सिलिकेबरोबर सेंद्रिय द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे तोही क्वचितच टिकतो. २००४ मध्ये तर डीएनएच्या आधारे फिओडारिया रेडिओलॅरियातून बाहेर काढून सर्कोझोआ या एकपेशीयांच्या वेगळ्या गटात नेण्यात आले. म्हणजे जीवाश्मांपुरता आपला संबंध ओपलच्या सांगाड्याच्या पॉलिसिस्टिनांशी, आणि तुमच्या काचपट्ट्यांपुरता मुख्यतः स्प्युमेलारिया आणि नॅसेलारिया यांच्याशी.

स्प्युमेलारियाचा सांगाडा मध्यापासून बाहेर वाढतो. नमुनेदार रूपात एकात एक बसलेले दोन, तीन किंवा अधिक जाळीदार गोल असतात. आतल्या बारक्या गोलांना मज्जाकवच आणि बाहेरच्या मोठ्याला बाह्यकवच म्हणू. त्यांना जोडणाऱ्या दांड्या अरीय, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या असतात, आणि बाहेर आलेले मोठे काटे पुष्कळदा याच दांड्यांचं पुढचं टोक असतात. सगळेच गोल नसतात. काही तबकडीसारखे चपटे, काही स्पंजासारख्या विणीचे, काहींना तीन भुजा, तर सॅटर्नॅलिड मंडळींच्या गाभ्याभोवती चक्क एक कडं. इथे तीन गोष्टी नोंदवा: सगळ्यांत आतलं कवच किती मोठं आणि कोणत्या आकाराचं आहे, दांड्या तिथूनच निघतात की मधल्या कवचापासून, आणि काट्याचा आडवा छेद गोल आहे की तीन धारांचा. बाहेरच्या जाळीतली छिद्रं षट्कोनी की गोल, हे त्यानंतर.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं इथेच फसवतात. ती देखणी असतात, छिद्रांच्या चौकटीवरचे बारीक कंगोरेही दाखवतात, पण दाखवतात फक्त बाहेरचा पृष्ठभाग. कवच फुटलेलं असेल तरच आतलं काही दिसतं. साध्या प्रकाशात, कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवून पाहिलेली काचपट्टी वर्गीकरणाच्या कामाला जास्त उपयोगी पडते. ओपलचा अपवर्तनांक सुमारे १.४५, बाल्समचा सुमारे १.५३. दोन्हींत फरक असल्यामुळे सांगाड्याच्या कडा उठून दिसतात, आणि फोकस खाली-वर करत गेलं की एकामागून एक पातळ्या उलगडतात. छायाचित्र आणि काचपट्टी यांपैकी एकच निवडायची वेळ आली, तर मी काचपट्टी निवडेन.

आता नॅसेलारिया. यांना वर-खाली आहे, अक्ष आहे. वर लहानसा कप्पा सेफॅलिस, म्हणजे डोकं. त्याखाली थोरॅक्स, म्हणजे छाती. त्याखाली अॅब्डोमेन, म्हणजे पोट. आणि काहींत त्याखाली आणखी कप्प्यांची उतरंड. ही नावं केवळ सोयीची आहेत, प्राण्याच्या अवयवांशी त्यांचा संबंध नाही. डोकं आणि छाती यांच्यामधल्या आवळलेल्या जागेला कॉलर म्हणतात, छाती आणि पोट यांच्यामधल्या जागेला कंबर.

एखादा नमुना कुशीवर पडलेला निवडा, ४० पटींची भिंग लावा आणि फोकस कॉलरच्या पातळीत आणा. तिथे एक आखूड आडवी दांडी दिसेल, हा मध्यदंड. त्याच्या एका टोकापासून एक काटा वर चढतो, त्याला ‘ए’ म्हणतात, आणि एक खाली-मागे उतरतो, तो ‘डी’. दुसऱ्या टोकापासून ‘व्ही’ पुढे वर झुकतो आणि दोन बाजूंचे काटे, म्हणजे ‘एल’ची जोडी, तिरके खाली जातात. लहान उपकाटे आणखी असतात, पण सुरुवातीला हे पाच सापडले तरी पुरे. नॅसेलारियाचा सांगाडा इथून सुरू होतो. आधी ही काट्यांची मोळी, मग तिच्याभोवती डोक्याची भिंत, मग छाती, मग पोट. अनेक रूपांत डोक्यावरचं शिंग म्हणजे भिंतीबाहेर आलेला ‘ए’, आणि तीन पाय म्हणजे ‘डी’ आणि ‘एल’ची जोडी. पण काही रूपांतले पाय पोटाच्या खालच्या काठातूनच फुटतात, त्यांचा या काट्यांशी संबंध नसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यांची उत्पत्ती वेगळी. तुमच्या काचपट्टीवर तीन पायांचा नमुना दिसला, तर पायाच्या बुडापासून वर माग काढत जा. भिंतीत बरगडीसारखा धागा कॉलरपर्यंत पोचतो का, ते पाहा. एवढ्या एका निरीक्षणाने कितीतरी चुकीची नावं आपोआप गळून पडतात.

आता हेकेल. ब्रिटिश जहाज चॅलेंजर १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून फिरलं. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना खंदकात ४,४७५ फॅदम, म्हणजे आठ हजार मीटरहून अधिक खोलीवरून त्याने जो गाळ वर आणला, तो रेडिओलॅरियाच्या कवचांनी भरलेला होता. या मोहिमेच्या साहित्यावर अर्न्स्ट हेकेलने १८८७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला: ७३९ प्रजाती, ४,३१८ जाती, त्यांतल्या ३,५०८ नव्या, आणि चित्रांची १४० पानं. एका माणसाचं हे काम पाहून आजही आदर वाटतो. पण त्याची खालच्या पातळीवरची विभागणी भूमितीची आहे. नॅसेलारियात कप्पे एक, दोन, तीन की जास्त. पाय तीन, अनेक की नाहीतच. खालचं तोंड उघडं की जाळीने बंद. या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंफून त्याने कुळं पाडली. चौकट इतकी काटेकोर की कोणतंही रूप आलं तरी त्याचा खण तयार.

दोष कुठे आहे ते वाढीचा क्रम आठवला की कळतं. पोट सगळ्यांत शेवटी घडतं. मग पोट अजून न घडलेलं पिल्लू दोन कप्प्यांच्या कुळात जाणार आणि त्याच जातीचं पूर्ण वाढलेलं कवच तीन कप्प्यांच्या. पोट तुटून गेलेला नमुना पुन्हा पहिल्या कुळात. वाढीची अवस्था, मोडतोड आणि विरघळणं, या तिन्हींची वेगळी नावं झाली. त्याच्या पुष्कळ जाती नंतर कुणाला खात्रीने ओळखता आल्या नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. चित्रांत सममिती जरा जास्तच नेटकी काढलेली आहे, हेही ध्यानात ठेवा.

तरी हेकेल बाद झालेला नाही. प्राणिनामांच्या नियमांत आधी दिलेल्या वैध नावाला अग्रक्रम असतो, त्यामुळे त्याची आणि त्याच्या आधीच्या एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाची शेकडो नावं आजही वापरात आहेत, फक्त त्यांच्या व्याख्या बदलल्या. तुमच्या काचपट्ट्यांच्या दृष्टीने एरेनबर्ग जास्त जवळचा. रॉबर्ट शोम्बुर्कने पाठवलेल्या बार्बाडोसच्या गाळावरच त्याने १८४० च्या दशकात काम केलं, आणि पोडोसिर्टिससारख्या प्रजाती तिथूनच आल्या. त्याचा मूळ संग्रह बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे आणि त्याची अलीकडे पुन्हा तपासणी झाली आहे. जुन्या नावाबद्दल शंका आली तर जुन्या रेखाटनावर विसंबू नका, मूळ नमुन्याचं नवं छायाचित्र शोधा. निकोबारचा गाळही एरेनबर्गच्या हाती आला होता, म्हणजे भारतीय बेटांचा या विद्येशी संबंध तिच्या बाळपणापासूनचा आहे.

खरा बदल घडवला तो विल्यम रीडेल आणि अॅनिका सॅनफिलिपो यांच्या पिढीने, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतून. १९६८ पासून खोल समुद्रात छिद्रं पाडून गाळाचे अखंड गाभे वर येऊ लागले. मग एकेक सुटं कवच पाहण्यापेक्षा, गाभ्यात खालून वर चढत एकच रूप कसं बदलत जातं हे पाहता आलं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण डिडिमोसिर्टिसचं. हा स्प्युमेलारिया. त्याचं बाह्यकवच मध्ये आवळलेलं, डमरूसारखं, आणि दोन्ही ध्रुवांवर स्पंजासारख्या विणीचे खांब किंवा टोप्या. हेकेलच्या परंपरेत खांबवाले कॅनार्टस या प्रजातीत आणि टोप्यावाले ओमाटार्टस या प्रजातीत जात. गाभ्यांत मात्र दिसलं की ऑलिगोसीन काळाच्या अखेरीपासून (सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीपासून) आजपर्यंत ही जातींची एकच अखंड वंशरेषा आहे: प्रिस्मॅटिका, ट्युबेरिया, व्हायोलिना, मॅमिफेरा, लॅटिकोनस, अँटिपेनल्टिमा, पेनल्टिमा, आणि शेवटी आजच्या समुद्रात जिवंत असलेली टेट्राथॅलॅमस. मधल्या थरांत खांब रुंदावतात आणि पुढे त्यांच्या जागी स्वतंत्र टोप्या येतात. कॅनार्टस आणि ओमाटार्टस यांची सीमा या रेषेला मधूनच कापत होती. म्हणून १९८० मध्ये रीडेल आणि सॅनफिलिपो यांनी सगळ्यांना डिडिमोसिर्टिस या एकाच प्रजातीत आणलं. तुम्हाला एकाच रूपाला दोन-तीन नावं सापडतात ती बहुतेक अशाच घडामोडींमुळे. दुसरं एक कारण म्हणजे दोन संशोधकांनी एकाच जातीला वेगवेगळ्या वेळी नाव देणं. सुमारे चार लाख वर्षांपूर्वी नष्ट झालेली एक जात काही लेखांत स्टायलॅट्रॅक्टस युनिव्हर्सस आणि काहींत अॅक्सोप्रुनम अँजेलिनम म्हणून येते. तिचा अंत जगभर जवळजवळ एकाच वेळी झाला, असं १९७६ मध्ये दाखवलं गेलं, त्यामुळे कालमापनासाठी ती फार मोलाची. नावांच्या घोळात ती हातची निसटू देऊ नका.

आतल्या सांगाड्याबद्दल इतकं सांगितल्यावर एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. २०१९ मध्ये जिवंत नॅसेलारियांचे डीएनए आणि त्यांचे सांगाडे शेजारी ठेवून केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ११ मुख्य गट निघाले, आणि ते सांगाड्याच्या एकूण ठेवणीशी जास्त जुळले. कॉलरजवळच्या काट्यांच्या रचनेशी अपेक्षेइतके जुळले नाहीत. कोलोडारिया हा रेडिओलॅरियांचा आणखी एक गट, ज्यांना अनेक जण स्प्युमेलारियाशी जोडत, तेही डीएनएप्रमाणे नॅसेलारियाच्या जवळ गेले. माझं मत असं आहे की यामुळे आत पाहणं सोडायचं नाही. नॅसेलारिया आहे की नाही, पाय कुठून निघाले, नमुना अपुरा आहे की पूर्ण, हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही. मात्र केवळ एका उपकाट्याच्या फरकावर नवं कुळ उभं करायची जी सवय मध्यंतरी लागली होती, ती सोडायला हवी. नामशेष रूपांचा डीएनए कधीच मिळणार नाही. त्यांच्यासाठी थरांतली साखळी हाच आधार राहणार.

फार जुन्या खडकांत परिस्थिती आणखी कठीण होते. तिथे एंटॅक्टिनारिया नावाची रूपं भेटतात. बाहेरून अगदी स्प्युमेलारियासारखा जाळीदार गोल, पण फोडून पाहिलं तर आत बारका गोल नसतो, काट्यांची मोळी असते. हा एक नैसर्गिक गट आहे का, याबद्दल अजून मतभेद आहेत. अल्बायलेलारिया हा पुराजीव महाकल्पातला आणखी एक गट. तीन दांड्यांच्या त्रिकोणी चौकटीवर उभारलेला, डावी-उजवी बाजू असलेला. पर्मियन काळातल्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) चर्टमध्ये, म्हणजे सिलिकेच्या कठीण खडकात, त्याचे फॉलिक्युक्युलससारखे शंकू कालनिर्णयाला उत्तम. चर्टमध्ये ओपलचं क्वार्ट्झ झालेलं असतं, आतली पोकळी भरलेली असते, त्यामुळे आतली रचना पुष्कळदा कायमची गेलेली असते. अशा वेळी गणापाशी, म्हणजे कुळाच्या वरच्या मोठ्या गटापाशी, थांबावं आणि खालचं नाव देऊ नये. १९७० च्या सुमारास विरल हायड्रोफ्लुओरिक आम्लाने चर्ट कोरून कवचं मोकळी करण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर जपानमध्ये पुराजीव मानलेले चर्टचे मोठे पट्टे प्रत्यक्षात ट्रायासिक आणि ज्युरासिक काळातले निघाले, आणि त्या बेटांच्या जडणघडणीची कथाच नव्याने लिहावी लागली. हे आम्ल मात्र अतिशय घातक आहे. त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं. धूर ओढणारी कपाटं, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम नसेल, तिथे त्याची बाटली उघडूसुद्धा नका.

सुदैवाने तुमच्या बार्बाडोसच्या गाळाला त्याची गरज नाही. हा खोल समुद्रातला गाळ भूपट्टांच्या रेट्याने वर उचलला गेला आहे आणि कवचं अजून ओपलचीच आहेत. आणखी काचपट्ट्या करायच्या असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य काढा, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. लहान रूपं हवी असतील तर ४५ ची चाळणी घ्या. मग वाळवून बाल्सममध्ये बसवा. भारतात आजच्या रूपांशी तुलना करण्यासाठी साहित्य हवं असेल तर हिंद महासागराच्या मध्य खोऱ्यातला सिलिकायुक्त गाळ उत्तम. तिथे बहुधातुक गोट्यांच्या शोधाच्या निमित्ताने गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं काम दीर्घकाळ चालू आहे, आणि त्या गाळातल्या रेडिओलॅरियांवर संशोधनही झालं आहे.

आता थेट तुमच्या काचपट्ट्यांकडे. आधी पोडोसिर्टिस शोधा, इओसीनच्या गाळात ते भरपूर मिळतात आणि शिकायला त्यांच्याइतकं चांगलं साहित्य नाही. सिन्युओसा, मित्रा, चालारा, गोथिआना ही त्यांतली एक वंशरेषा. पोटाच्या भिंतीवर नजर ठेवा. मित्रापासून चालाराकडे जाताना छिद्रं संख्येने कमी आणि आकाराने मोठी होतात, उभ्या रांगांत लागतात. गोथिआनात तर ती इतकी लांबट होतात की भिंत म्हणजे उभ्या दांड्यांची चौकटच उरते. पोटाच्या सर्वांत रुंद जागी घेराभोवती छिद्रं मोजा आणि प्रत्येक नमुन्याचा आकडा लिहून ठेवा. एका काचपट्टीवर मधलेच आकडे जास्त आले तर घाबरू नका, तुम्ही स्थित्यंतराच्या थरात आहात. नाव देताना तसं लिहा. शेजारीच पोडोसिर्टिस पापालिस दिसेल. ही जात दीर्घकाळ फारशी बदलली नाही, तेव्हा कालनिर्णय तिच्यावरून करू नका.

आणि एक तपासणी नावं देण्याआधी करा. जुन्या थरातली कवचं धुपून नव्या थरात मिसळणं ही या गाळातली नित्याची गोष्ट. वेगळ्या काळाची दोन रूपं एकाच काचपट्टीवर आली, तर वय तरुण रूपावरून ठरवा आणि जुन्याची नोंद ‘पुनर्निक्षेपित’ अशी करा. काचपट्टीवर नमुन्याचं ठिकाण आणि थराची उंची लिहिलेली नसेल, तर ज्यांच्याकडून ती मिळाली त्यांना आज विचारा. ती उंची मिळाली की मित्रा कुठे संपते आणि चालारा कुठे सुरू होते, हे तुम्हाला स्वतःच दाखवता येईल.